विश्लेषण : टेबलावर चालणारा ‘स्मार्ट कूलर’ मे महिन्यात का अडतो?

सदरमधील शासकीय तंत्रनिकेतनासह राज्यभरातील पदविका विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्रकल्प करतात. मोबाइलवरून चालणारा कूलर हा त्यातला सोपा वाटणारा विषय. पण वर्गात चाललेला नमुना नागपूरच्या ४५ अंशांत टिकेलच असे नाही.

नमुन्यात काय असते?

वाय-फाय असलेला ईएसपी ३२ बोर्ड, तापमानाचा सेन्सर, टाकीतले पाणी तपासणारा फ्लोट स्विच आणि पंप चालू-बंद करणारा रिले. ब्रेडबोर्डवर सोल्डरिंग लागत नाही, चूक लगेच सुधारता येते. मात्र पंपाची २३० व्होल्टची तार ब्रेडबोर्डवर कधीच आणू नये.

उष्णतेने काय बिघडते?

स्वस्त डीएचटी ११ सेन्सर ५० अंशांपर्यंतच मोजतो. उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात तापमान त्यापुढे जाते. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते.

इंटरनेट गेले तर?

हीच खरी कसोटी. टाकी कोरडी पडूनही पंप चालू राहिला तर तो जळू शकतो. त्यामुळे पंप थांबवण्याचा निर्णय दूरच्या सर्व्हरवर न सोडता बोर्डानेच घ्यायला हवा. राउटर बंद करून, मग वीज घालवून चाचणी करावी. वीज परतल्यावर पाणी तपासल्याशिवाय रिले सुरू होता कामा नये.

विक्रीपूर्वी काय?

छापील सर्किट बोर्ड तयार करावा लागतो. वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेची मान्यताही लागते.