सैनिकाचा नांवाचा बिल्ला

आपल्या जळकोटांत पुष्कळ घरीं जुना पितळेचा तांब्या असेल. त्याच्या कांठाखालीं बारीक टिंबांनीं घातलेलें एखादें नांव दिसतें. भांडें देणारा जातो, नांव मात्र राहतें. असेंच आपलें नांव धातूवर घालून ठेवण्याची पाळी महायुद्धांतील सैनिकांवर आली. तिची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

ब्रिटिश सैन्यांत १९०७ सालीं ॲल्युमिनियमचा वाटोळा बिल्ला आला. त्यावर क्रमांक, नांव, पलटण व धर्म हीं ठोकलेलीं असत. १९१४ सालीं त्याच्या जागीं पुठ्ठ्यासारख्या कडक पदार्थाचा तांबडा बिल्ला आला. तो एकच असे. मृताच्या गळ्यांतून तो नोंदीसाठीं काढून नेला, म्हणजे मागें राहिलेला देह निनांवी होई. म्हणून सप्टेंबर १९१६ मध्यें दोन बिल्ले ठरले : तांबडा काढून न्यावयाचा, हिरवा अष्टकोनी देहाबरोबर ठेवावयाचा. परंतु हा पदार्थ ओल्या मातींत कुजे.

म्हणून अनेक सैनिक स्वतःच बिल्ला घडवीत. नाणें घासून गुळगुळीत करावें, किंवा तोफेच्या रिकाम्या काडतुसाचें पितळ कापावें. त्यावर एकेक अक्षर हातोडीनें ठोकावें आणि भोंक पाडून दोरींत ओवावें. अक्षरें वांकडीं होत, पण टिकत. त्या काळीं क्रमांक पलटणीपुरताच असल्यामुळें तो एकटा पुरत नसे. नांव, क्रमांक व पलटण तिन्ही जुळलीं, तरच दप्तरांतून त्या माणसाचा माग लागे.

हें आपल्याला दूरचें वाटूं नये. पुणें डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कूत येथें वेढ्यांत सांपडल्या; २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. त्या मोहिमेंतील ज्यांची समाधि ठाऊक नाहीं, अशा ४०,००० हून अधिक वीरांचें स्मारक बसरा येथें आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखालीं केवळ आंकडा घातला. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं जाहीर क्षमा मागितली.

दुसऱ्या महायुद्धांत, १० जुलै १९४४ रोजीं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलींत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले व तें ठाणें जिंकून धारातीर्थीं पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीहि समाधि ज्ञात नाहीं. परंतु कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव आहे.

पालकांस व विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. घरांतील जुन्या पेटींत एखादें पदक असेल, तर त्याची कड निरखून पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचें नांव, क्रमांक व पलटण कोरलेलीं असतात. तीं वहींत उतरून घ्यावीं आणि घरांतील वडीलधाऱ्यांस त्या माणसाविषयीं विचारून, तें सांगतील तें त्याखालीं लिहून ठेवावें.