तणनाशकाची पन्नाशी

ग्लायफोसेट तण मारते, हे मोन्सॅन्टोच्या जॉन फ्रान्झ यांना १९७० साली कळले आणि १९७४ मध्ये ‘राउंडअप’ बाजारात आले. वनस्पतीतले जे विकर ते बंद पाडते ते माणसात नसतेच, म्हणून औषध निर्धोक, अशी समजूत झाली.

शंका मात्र जुनीच. उंदरांच्या मूत्रपिंडातल्या गाठी पाहून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८५ मध्ये त्याला संशयितांच्या यादीत घातले, १९९१ मध्ये बाहेर काढले. पुढे राउंडअप सोसणारे सोयाबीन आले आणि फवारणीला धरबंध उरला नाही.

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. माणसांतला पुरावा ‘मर्यादित’ होता आणि त्याचा रोख नॉन-हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाकडे होता. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने उलट मत दिले. रसायनात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे का, हा पहिल्या संस्थेचा प्रश्न. दुसरीने तो तर पाहिलाच, शिवाय नेहमीच्या वापरात धोका किती, हेही तपासले. बातम्यांत हा फरक हरवला.

अमेरिकेत ५४ हजारांवर फवारणी करणाऱ्यांच्या पाठपुराव्यात या लिम्फोमाशी संबंध दिसला नाही. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात मात्र सर्वाधिक संपर्क असलेल्यांत धोका ४१ टक्क्यांनी जास्त निघाला. शास्त्रज्ञांचे हे मतभेद मी प्रामाणिक मानतो. संतापजनक आहे ते वेगळेच. ग्लायफोसेट सुरक्षित असल्याचा हवाला ज्या २००० सालच्या लेखावरून दिला जाई, त्याच्या लेखनात कंपनीचाच हात असल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. तो लेख मागे घ्यायला २०२५ उजाडले!

आपल्याकडे हे तणनाशक ‘चोर बीटी’च्या, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा कापूस बियाण्याच्या, पाठीवर बसून कपाशीत शिरले. निंदणाला मजूर मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना. जून २०१९ मध्ये अकोल्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हे बेकायदा बियाणे उघडपणे पेरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनीच करावी, असा आदेश काढला.

‘सूचनेप्रमाणे वापरल्यास सुरक्षित’ या वाक्यात हातमोजे, मास्क, गमबूट गृहीत असतात. गळका पंप पाठीवर घेऊन उघड्या पायांनी तासात चालणाऱ्याला ते लागू होत नाही. त्या अमेरिकी अभ्यासातले लोक परवानाधारक होते. म्हणून विदर्भातल्या फवारणी मजुरांची नावनिशीवार नोंद ठेवून वर्षानुवर्षे तपासणी व्हावी आणि ती राज्याच्या आरोग्य खात्याने या हंगामापासूनच सुरू करावी.