स्वस्तात मिळालेली हार्ड डिस्क खरंच नवी आहे का? नाशिककरांनो, पाकीट फेकण्याआधी हे तपासा!

मंडळी, सेलमध्ये हार्ड डिस्क अर्ध्या किमतीत दिसली की बोट आपोआप 'बाय नाऊ'कडे जातं. मग घरात चर्चा सुरू होते. एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरच्या दुकानात विचारायचं, कुणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून मागवायची, की सरळ ऑनलाइन घ्यायची? पण दुकान कोणतं, यापेक्षा पाकिटात नेमकं काय आहे हे जास्त महत्त्वाचं. द्राक्षाची पेटी घेताना नाशिककर नुसता वरचा थर बघून पैसे देत नाही, खालचा घडही उचलून पाहतो. हार्ड डिस्कचंही तसंच करावं लागतं.

कारण साधं आहे. डिस्क बंद पडली तर वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते. आतले लग्नाचे फोटो आणि दुकानाचा टॅलीचा हिशेब मात्र मिळत नाही.

डिस्क स्वस्त का असते?

स्वस्त म्हणजे बनावटच, असं नाही. जुनं मॉडेल संपवायचं असेल तर नवी डिस्कही सवलतीत मिळते. दुसरा प्रकार रिफर्बिश्ड डिस्कचा. कुणीतरी परत केलेली डिस्क तपासून, तसं स्पष्ट लिहून विकली जाते. तिसरा प्रकार सीसीटीव्ही किंवा सर्व्हरमधून काढलेल्या डिस्कचा. त्या दिवसरात्र चाललेल्या असतात. चौथा प्रकार म्हणजे निव्वळ फसवणूक. पहिल्या तिन्ही प्रकारांत विकणारा खरं सांगत असेल तर व्यवहारात काही वावगं नाही. वापरलेली डिस्क 'नवी' म्हणून विकली की घोळ सुरू होतो.

जगभर गाजलेलं प्रकरण

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असं लक्षात आलं, की नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेट कंपनीच्या अनेक डिस्क आधी हजारो तास चाललेल्या होत्या. २०२१ मध्ये 'चिया' या क्रिप्टो चलनासाठी लोकांनी मोठ्या डिस्क भरमसाट विकत घेतल्या होत्या. ते वेड ओसरल्यावर त्यातल्याच डिस्क बाजारात आल्या असाव्यात, असा संशय आहे. विकणाऱ्यांनी डिस्कमधली वापराची नोंद पुसून शून्यावर आणली होती. जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर मागे फिरवतात, तसाच हा प्रकार.

मग चोरी पकडली कशी? सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक नोंद असते, ती पुसायची राहून गेली होती. 'स्मार्टमनटूल्स' या मोफत प्रोग्रामच्या ७.४ आणि त्यापुढच्या आवृत्तीत ती वाचता येते. दोन्ही नोंदींतल्या तासांत मोठा फरक दिसला तर डिस्क नवी नाही.

पैसे देण्याआधी

डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या वॉरंटी तपासणीत टाका. पाकिटावरचा आणि डिस्कवरचा नंबर जुळायला हवा. वॉरंटी आधीच संपलेली दिसली, किंवा ही डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला पुरवली होती असं दिसलं, तर कंपनीकडून वॉरंटी मिळणं अवघड. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असावी लागते. हे काहीच नसेल तर विचारा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका. ऑनलाइन मागवली असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा.

घरी आल्यावर

विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम चालवा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती हा प्रोग्राम दाखवतो. नुसतं 'गुड' दिसलं म्हणून थांबू नका. हे आकडे बघा:

• पॉवर ऑन अवर्स: डिस्क एकूण किती तास चालली. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. वर्षाचे तास ८,७६० असतात. म्हणजे २६,००० तास दिसले तर डिस्क सुमारे तीन वर्षं अखंड चाललेली आहे.

• ०५, रिअलोकेटेड सेक्टर्स: खराब झालेल्या जागांऐवजी डिस्कने किती राखीव जागा वापरल्या. नव्या डिस्कवर शून्यच हवा.

• सी५ आणि सी६: वाचताना अडलेल्या किंवा वाचताच न आलेल्या जागा. इथेही शून्य हवं. हे आकडे वाढत असतील तर डिस्क परत करा.

• सी७: हा आकडा वाढला तर दोष बहुधा केबलचा असतो. आधी केबल बदलून पाहा.

आता डिस्क रिकामी असतानाच तिला 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळ्या जागांवर लिहून पाहिलं जातं. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर १ टीबीला जवळपास तीन तास लागतात. नंतर वरचे आकडे पुन्हा बघा. ते बदलले नसतील तर डिस्कने पहिली परीक्षा पास केली. हे सगळं परताव्याची मुदत संपायच्या आत करा.

९३१ जीबी दिसलं तर घाबरू नका

१ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत.

फसवणूक वेगळीच असते. हजार-दोन हजार रुपयांत '१६ टीबी'ची खिशात मावणारी डिस्क! अशा डब्यात अनेकदा साधं मेमरी कार्ड निघतं. खोटी क्षमता दाखवण्याची सोय त्यात केलेली असते. थोड्या फाइल्स नीट बसतात, पण खरी जागा संपली की पुढच्या फाइल्स हरवतात किंवा आधीच्या पुसल्या जातात. 'एच२टेस्टडब्ल्यू' हा मोफत प्रोग्राम संपूर्ण जागा भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतो.

फसवणूक झालीच तर?

आधी विक्रेत्याला लेखी कळवा. तो दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे डिस्क मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवली असली, तरी नाशिककराला नाशिकच्याच आयोगात दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. बिल आणि व्हिडिओ इथेच कामी येतो.

मग वापरलेली डिस्क घ्यावी का?

किंमत तशी असेल, तास खरे सांगितले असतील आणि ०५, सी५, सी६ शून्य असतील, तर दुसरी प्रत ठेवायला जरूर घ्या. एकुलती एक प्रत मात्र तिच्यावर ठेवू नका. खरं तर नव्या कोऱ्या डिस्कवरही ठेवू नका, कारण नवी डिस्कसुद्धा न सांगता बंद पडू शकते. महत्त्वाच्या फाइल्स निदान दोन ठिकाणी हव्यातच.

ओळखीत कुणी सेलमध्ये डिस्क मागवली असेल, तर परताव्याची मुदत संपायच्या आत हा लेख त्यांना नक्की पाठवा!