ट्यूबलाइटखाली आरसा, उन्हात जाळी: छोट्या गॅरेजमध्ये गाडी तपासायला लाइट कसा निवडायचा?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना येणारे "ॲक्च्युअली" आणि "म्हणजे बघा" थोडे छाटलेत, बाकी तेच आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. सांगलीच्या आमच्या घराला एक गॅरेज आहे. रुंदी ९ फूट, लांबी १६ फूट. त्यात बाबांची काळी हॅचबॅक, एक जुनं लोखंडी कपाट आणि आईची लोणच्याची बरणी सोडून सगळं सामान. बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी गाडी कोरड्या फडक्याने पुसतात. त्या प्रेमामुळेच पेंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडले होते. मी म्हटलं, सरप्राइज देऊ. मित्राकडून रोटरी पॉलिशर आणलं आणि दोन वीकेंड रात्री बसून पॉलिश केलं. छताला एकच ट्यूब होती. तिच्या उजेडात बॉनेट अक्षरशः आरशासारखं दिसत होतं.

सकाळी गाडी उन्हात काढली. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे इंद्रधनुष्य कधी काढलंस?"

बॉनेटभर मशीनच्या फिरण्याच्या धुरकट पट्ट्या उमटल्या होत्या. डिटेलिंगवाले यांना होलोग्राम म्हणतात. त्या रात्रीही तिथेच होत्या, फक्त मला दिसल्या नाहीत. आपल्या धंद्यात म्हणतो तसं, लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणजे बग नाही असं नसतं.

आता "परत पॉलिश कर की" असं वाटेल, पण गोची तिथेच आहे. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या कडा सपाट होईपर्यंत हा थर घासून कमी करणं. घासलेला परत येत नाही. त्यामुळे तपासणीचा लाइट हा फोटो चांगला यावा म्हणून नसतो. कुठे घासायचं आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, हे कळावं म्हणून असतो.

ट्यूबखाली ओरखडे का लपतात?

ट्यूब लांब असते, त्यात गॅरेजच्या पांढऱ्या भिंतींवरूनही उजेड परततो. पेंटवर सगळ्या बाजूंनी प्रकाश पडतो आणि ओरखड्याची बारीक चमक त्या दुधाळ उजेडात बुडून जाते. सूर्य मात्र आकाशात लहानसा, तीव्र ठिपका आहे. ठिपक्यासारख्या प्रकाशात प्रत्येक ओरखड्याची कड वेगळी चमकते.

गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. पण दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालतील अशा दिशेने जे पडलेत, तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड पाठवतात. म्हणून वर्तुळं दिसतात. टॉर्च हलवा, वर्तुळंही सोबत सरकतील.

मग ट्यूब काढून टाकायची का? अजिबात नाही. ट्यूबची सरळ रेघ बॉनेटमध्ये बघा. जिथे ती वाकडी होते तिथे पोचा आहे. म्हणजे पोच्यासाठी लांब लाइट, ओरखड्यांसाठी ठिपका. दोन्ही हवेत आणि दोघांचे स्विच वेगळे हवेत. टॉर्चने तपासताना ट्यूब बंद करा.

लाइट घेताना काय बघायचं?

पहिलं, एकच एलईडी ठिपका. ज्या पॅनेलमध्ये वीस-तीस सुटे एलईडी असतात, त्यांची पेंटमध्ये तेवढीच प्रतिबिंबं पडतात आणि डोळा गोंधळतो. सीओबी प्रकारात एकाच छोट्या पिवळ्या चकतीतून उजेड येतो. अशी छोटी टॉर्च घ्या.

दुसरं, लुमेनच्या मागे धावू नका. ठिपक्यासारख्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की पडणारा उजेड चौपट कमी होतो. म्हणजे अंतर अर्धं केलं तर चौपट वाढतो. छोट्या गॅरेजचा हा फायदाच! आपण गाडीपासून हातभर लांब असतो, तिथे ५०० ते १००० लुमेन पुष्कळ झाले. त्याहून जास्त असेल तर काळ्या पेंटवरून डोळ्यात तिरीप येते आणि काहीच दिसत नाही. उजेड कमी-जास्त करता येईल असाच लाइट घ्या.

तिसरं, केल्विन. हे प्रकाशाच्या रंगाचं माप. ३००० म्हणजे पिवळसर, ५००० ते ६५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा. काळ्या, गडद निळ्या गाडीवर पांढरा उजेड चांगला चालतो. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर मात्र पांढऱ्यात पांढरं हरवतं, तिथे पिवळसर प्रकाशात ओरखडे बऱ्याचदा सोपे पडतात. दोन्ही रंगांची टॉर्च मिळाली तर उत्तमच.

चौथं, सीआरआय. रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, जास्तीत जास्त १००. टच-अपची शेड जुळवायची असेल तर ९० च्या वर हवा. नुसते ओरखडे शोधायचे असतील तर यावर पैसे ओतायची गरज नाही.

९ फुटांत बसवायचं कसं?

हॅचबॅकची रुंदी साधारण १.७ मीटर, माझं गॅरेज २.७४ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा-अर्धा मीटर. त्यात तिपाई स्टँड उभा केला तर मी बाहेर! त्यामुळे स्टँड बाद. मी दोन ट्यूब छताला आणि दोन बाजूच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला आडव्या लावल्या. नुसत्या छताच्या उजेडात दरवाजे अंधारात राहतात, वर आपलीच सावली पडते. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते. चार मिळून ८०००, आणि जागा साडेतेरा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे कागदावर जवळपास ६०० लक्स. प्रत्यक्षात थोडे कमी, पण कामाला भरपूर.

टॉर्च चुंबकवाली घेतली. ती कपाटाला चिकटते, शटरला चिकटते. गाडीला चिकटवायची नाही, नाहीतर नवीन ओरखडा तुम्हीच पाडाल. चाकाजवळ वाकून बघायला डोक्यावरचा हेडलॅम्प सोयीचा, दोन्ही हात मोकळे राहतात.

आणि एक सीरियस गोष्ट. गाडी धुतल्यावर फरशी ओली असते. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी लावून घ्या. ओल्या जागेत हातात धरायचा लाइट चार्जिंगचा आणि आयपी६५ रेटिंगचा बरा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो.

बघायची पद्धत

पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून त्यांना लपवतं. म्हणून आधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेवढा भाग पुसा, मग बघा. टॉर्च एकाच जागी धरू नका. आधी वरून, मग तिरकी, आणि डोळाही हलवत राहा. पूर्ण बॉनेट करण्याआधी दीड फुटाचा चौकोन करा, पुसा, तपासा. नख अडकतं असा ओरखडा पॉलिशने काढायला जाऊ नका, तो खोल आहे. आणि सगळ्यात शेवटी गाडी उन्हात काढून बघा.

मी हे सगळं उलट्या क्रमाने शिकलो. नंतर एका डिटेलरकडून पेंटची जाडी मोजायचं यंत्र आणलं. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा सांगत नाही. छतावर ११५ मायक्रॉन आले, बॉनेटच्या मधोमध ९२. छताला मी मशीन लावलंच नव्हतं. फॅक्टरीतून दोन्ही सारखे आले असतील असं नाही, पण आकडा बघून पोटात गोळा आला. मऊ पॅडने, हलक्या हाताने एकदाच फिरवलं, टॉर्चखाली होलोग्राम गेलेले दिसले आणि थांबलो. जुने काही ओरखडे अजून आहेत. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "राहू देत, ते माझे आहेत." आता ते मायक्रोफायबरने पुसतात, तेही धूळ पाण्याने उडवल्यावर.

तर आज रात्री एवढंच करा. काहीही विकत घ्यायच्या आधी पार्किंगमधला दिवा बंद करा आणि गाडीच्या स्वच्छ भागावर मोबाइलचा फ्लॅश हातभर अंतरावरून फिरवा. तोही एक ठिपकाच आहे. जे दिसेल ते बघून घाबरू नका, आणि लगेच पॉलिशर ऑर्डर करू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!