वॉशिंग्टनमधली विषपंगत

१९०२ सालाच्या अखेरीस वॉशिंग्टन शहरात, अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायन विभागाच्या तळघरात एक खानावळ सुरू झाली. जेवण उत्तम असे. ताजे मांस, भाज्या, फळे, लोणी, कॉफी, आणि हे सगळे रांधायला पगारी स्वयंपाकी. पैसे पडत नसत. बारा धडधाकट तरुण रोज तीन वेळा तिथे जेवत. बाहेर पाण्याखेरीज काहीही तोंडात घालणार नाही, असे त्यांनी लिहून दिले होते, आणि पाणीसुद्धा मोजून प्यायचे होते. प्रकृतीचे काही बरेवाईट झाले तर सरकारवर दावा लावणार नाही, हेही त्यांनी लिहून दिले होते. कारण ताटातल्या एखाद्या पदार्थात टाकणखार मिसळलेला असे, आणि तो रोज पोटात गेल्यावर माणसाचे काय होते, हेच पाहायचे होते.

टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, आपल्याकडे सोनाराच्या दुकानात डाग देताना लागतो. त्या काळच्या अमेरिकेत तो मांस आणि लोणी टिकवण्यासाठी सर्रास वापरला जाई. दुधात फॉर्मल्डिहाइड घालत. डबाबंद वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून त्यात मोरचूद पडे. स्ट्रॉबेरीच्या मुरंब्यात स्ट्रॉबेरी नावालाच असे. मक्याच्या साखरेचा पाक, गवताचे बी आणि डांबरापासून काढलेला लाल रंग एवढ्यावर काम भागे. मिरपुडीत नारळाच्या करवंट्यांची पूड असे आणि कॉफीत चिकोरी. रडणाऱ्या बाळांना शांत करण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या एका लोकप्रिय सिरपमध्ये मॉर्फिन होते. बाळ शांत होई यात नवल नाही, काही बाळे कायमची शांत झाली.

असे का झाले, याचे उत्तर आगगाडीत आहे. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर देशभर रूळ पसरले, कारखाने आले, शहरे फुगली. पूर्वी दूध शेजारच्या गोठ्यातून आणि मांस ओळखीच्या खाटकाकडून येई. आता शिकागोत कापलेले जनावर बर्फाच्या डब्यातून न्यूयॉर्कला जाऊ लागले. बनवणारा आणि खाणारा यांची एकमेकांशी ओळखच उरली नाही. काही राज्यांनी भेसळीविरुद्ध कायदे केले होते, पण राज्याच्या हद्दीबाहेरून आलेल्या मालापुढे ते लुळे पडत. संपूर्ण देशाला लागू होईल असा कायदा करावा म्हणून १८७९ पासून काँग्रेसमध्ये शंभरावर विधेयके मांडली गेली आणि एकामागून एक बारगळली.

खानावळीचे चालक होते हार्वे वॉशिंग्टन वायली. इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरात १८४४ साली जन्मलेले, यादवी युद्धात काही काळ शिपाईगिरी केलेले, वैद्यकाची आणि नंतर हार्वर्डची पदवी घेतलेले रसायनज्ञ. पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक असताना ते सायकलवरून हिंडत, आणि प्राध्यापकाला हे शोभत नाही म्हणून विश्वस्तांनी त्यांना समोर बोलावून कानउघाडणी केली होती. १८८३ साली ते कृषी खात्याचे मुख्य रसायनज्ञ झाले. भेसळीवर त्यांच्या विभागाने पंधरा वर्षे एकामागून एक जाडजूड अहवाल छापले. त्यांत सगळे होते, पण ते फारसे कुणी वाचले नाहीत. अखेर १९०२ मध्ये काँग्रेसने परिरक्षकांचा मानवी शरीरावरील परिणाम तपासण्यासाठी ५,००० डॉलर मंजूर केले आणि तळघरात चूल पेटली.

प्रयोगाची रीत मोठी शिस्तीची होती. प्रत्येक फेरीचे तीन भाग असत. आधी काही दिवस स्वच्छ अन्न, मग रसायनयुक्त अन्न, मग पुन्हा स्वच्छ अन्न. जेवणाआधी वजन, ताप, नाडी पाहायची. प्रत्येक घासाचे वजन नोंदले जाई. मलमूत्रही साठवून प्रयोगशाळेत द्यावे लागे, म्हणून हे तरुण कचेरीत जाताना त्याची भांडी पिशवीतून बरोबर बाळगत. बहुतेक जण खात्यातलेच तुटपुंज्या पगाराचे कारकून होते. तीन वेळचे फुकट जेवण ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

टाकणखार सुरुवातीला लोण्यात लपवला गेला. थोड्याच दिवसांत सगळ्यांनी लोणी खाणे टाळले. मग तो दुधात, मांसात, कॉफीत घालून पाहिला. कशात आहे याचा सुगावा लागला की तो पदार्थ ताटात तसाच राही. शेवटी वायलींनी लपवाछपवी सोडली आणि जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून तो उघडपणे द्यायला सुरुवात केली. मात्रा वाढत गेली तशी भूक मंदावली, डोके जड होऊ लागले, पोट बिघडले. पुढच्या चार-पाच वर्षांत सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोइक आम्ल, फॉर्मल्डिहाइड, मोरचूद यांच्या फेऱ्या झाल्या. काही फेऱ्यांत माणसे इतकी आजारी पडली की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

वायलींच्या लेखी हा ‘आरोग्यविषयक भोजन-प्रयोग’ होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॉर्ज रॉथवेल ब्राउन या तरुण बातमीदाराला त्यात वेगळेच काही दिसले. विभागाने तोंडाला कुलूप लावले तेव्हा त्याने स्वयंपाक्याशी आणि जेवणाऱ्यांशी संधान बांधले आणि जे कळले नाही ते स्वतःच्या कल्पनेने भरून काढले. वर्तमानपत्रांनी या मंडळींना ‘पॉयझन स्क्वाड’ म्हणायला सुरुवात केली. विषाची पंगतच ती. नाटकमंडळ्यांनी तिच्यावर विनोदी गाणी रचली. वायली आधी चिडले. मग त्यांच्या लक्षात आले की पंधरा वर्षांच्या अहवालांनी जे साधले नव्हते ते या थट्टेने काही महिन्यांत साधले आहे: घराघरांत लोक विचारू लागले होते की आपल्या लोण्यात काय आहे.

विज्ञान म्हणून हा प्रयोग कच्चा होता, हे मान्य करायला हवे. बारा जण ही संख्या फार लहान. सगळे तरुण पुरुष. आपण काय गिळतो आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि विष खाल्ले म्हटल्यावर डोके दुखणारच. तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. वायलींचा युक्तिवाद असा की धडधाकट तरुणांची ही गत, तर तान्ह्या मुलांचे आणि वृद्धांचे काय? युक्तिवाद बिनतोड नाही, पण लोकांना पटणारा होता. माझ्या मते या पंगतीचे खरे काम प्रयोगशाळेतले नव्हतेच. भेसळ डोळ्यांना दिसत नाही, हीच तिची ताकद असते. बारा माणसांचा फिकटलेला चेहरा मात्र दिसत होता.

१९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात राज्यांच्या अन्न अधिकाऱ्यांनी हीच युक्ती वेगळ्या रीतीने वापरली. बाजारातल्या खाद्यपदार्थांतून त्यांनी रंग काढले आणि त्या रंगांत रेशीम व लोकर रंगवून मांडली. भडक, पक्क्या रंगांची ती कापडे आणि शेजारी ज्यांतून रंग निघाला ते पदार्थ, एवढेच मांडलेले होते.

या लढ्यात सर्वांत मोठी फळी स्त्रियांची होती, आणि त्यांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. देशपातळीवर तो १९२० साली मिळाला. न्यू जर्सीतल्या क्रॅनफर्ड गावच्या अ‍ॅलिस लेकी यांनी महिला मंडळांना आणि ग्राहक संघाला या प्रश्नावर उभे केले, खासदारांकडे पत्रांचा ओघ सुरू केला, शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्षांची भेट घेतली. मद्यपानाविरुद्ध लढणारी वुमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनही यात होती; कारण पेटंट औषधांच्या बाटल्यांत दारूच भरलेली असे. मराठी वाचकांना ही संघटना फार पूर्वी भेटली आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली अमेरिकेला गेलेल्या आणि तिथे १८८८ पर्यंत हिंडलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या मराठी प्रवासवृत्तात तिच्या कार्याचे मनापासून कौतुक केले आहे. मत नसलेल्या बायका कायदे कसे करून घेतात, हे रमाबाईंनी नेमके हेरले होते.

समोरची फळीही भक्कम होती. सिनेटर तेव्हा जनतेने निवडलेले नसत. राज्यांची विधिमंडळे त्यांना पाठवत, आणि विधिमंडळांत मोठ्या कंपन्यांचा शब्द चाले. सिनेटमधले सर्वांत वजनदार गृहस्थ, ऱ्होड आयलंडचे नेल्सन ऑल्ड्रिच, तारुण्यात किराणा मालाचे घाऊक व्यापारी होते आणि त्यांची मुलगी रॉकफेलर घराण्यात दिली होती. माणसाने काय खावे हे सरकारने ठरवणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा अनुभव निराळा होता. १८९८ साली क्यूबाच्या युद्धात त्यांच्या सैनिकांच्या वाट्याला डबाबंद गोमांस आले होते. त्यापेक्षा आपली टोपी खाल्ली असती, अशा अर्थाची साक्ष त्यांनी चौकशीत दिली होती.

१९०५ च्या अखेरीस ‘कोलियर्स’ साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी पेटंट औषधांचा बुरखा फाडणारी लेखमाला सुरू केली. फेब्रुवारी १९०६ मध्ये सिनेटने विधेयक ६३ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केले. त्याच महिन्यात अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत सात आठवडे हिंडून त्यांनी ती लिहिली, ती स्थलांतरित कामगारांचे हाल जगाला कळावेत म्हणून. वाचकांना मात्र कामगारांपेक्षा आपल्या ताटातल्या सॉसेजची काळजी जास्त वाटली. सिंक्लेअर यांची ही खंत पुढेही कायम राहिली. रूझवेल्ट यांनी पाठवलेल्या दोन तपासनिसांनी कत्तलखान्यांतल्या घाणीला दुजोरा दिला, परदेशात अमेरिकी मांसाची मागणी घटली आणि विरोधकांचा नाइलाज झाला. जूनमध्ये कनिष्ठ सभागृहात विरोधात अवघी १७ मते पडली. ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधाचा, असे दोन्ही कायदे सहीनिशी अंमलात आणले. सिनेटर थेट जनतेने निवडण्याची घटनादुरुस्ती व्हायला १९१३ उजाडले.

कायद्याने अफू, कोकेन, हेरॉइन यांवर बंदी घातली नाही. बाटलीवर ते लिहा, एवढेच सांगितले.

सगळे कारखानदार कायद्याच्या विरोधात होते असे मात्र नाही. टोमॅटो केचपचे कारखानदार हेन्री हाइन्झ वायलींच्या बाजूला होते. तेव्हाचे केचप बहुधा टोमॅटोच्या टाकाऊ भागापासून करत आणि ते आंबू नये म्हणून त्यात बेंझोएट घालत. पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर वापरली तर परिरक्षकाविना केचप टिकते, हे हाइन्झने दाखवून दिले. कायदा कडक झाला असता तर स्वस्त माल विकणारे प्रतिस्पर्धी आपोआप बाद झाले असते, हा हिशेबही त्यामागे होताच. सुधारणेच्या त्या युगात नीती आणि नफा अनेकदा एकाच गाडीतून प्रवास करत होते.

पुढे वायलींचे आणि रूझवेल्ट यांचे बिनसले, तेही सॅकरीनवरून. एका बैठकीत वायलींनी सॅकरीन आरोग्याला घातक असल्याचे सांगितले. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरीन देत असत. ते भडकले, आणि १९०८ साली वायलींच्या निष्कर्षांवर निवाडा करण्यासाठी आयरा रेमसेन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. रेमसेन हे सॅकरीनच्या शोधातले भागीदार. मंडळाने बेंझोएटला अभय दिले. आजचे नियम पाहिले तर टाकणखार आणि फॉर्मल्डिहाइड यांबाबत वायली बरोबर ठरले, पण बेंझोएटबाबत मंडळ. आपल्या स्वयंपाकघरातल्या सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत २११ हा परिरक्षक-क्रमांक दिसला, तर तो सोडियम बेंझोएटचाच असतो.

१९०९ मध्ये वायलींच्या माणसांनी टेनेसी राज्यात चॅटनूगाजवळ कोका-कोलाच्या सिरपची चाळीस पिंपे आणि वीस छोटी पिंपे जप्त केली. आक्षेप कॅफिनवर होता. खटला त्या पिंपांवरच भरला गेला, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत ‘अमेरिका विरुद्ध चाळीस पिंपे आणि वीस छोटी पिंपे’ असे त्याचे नाव आहे. चॅटनूगात सरकार हरले. १९१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कंपनीने तडजोड करून कॅफिन कमी केले. तोवर वायलींनी नोकरी सोडली होती. खात्यातल्या कुरघोड्यांना कंटाळून १९१२ मध्ये ते ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत गेले. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाली त्याच तारखेला, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या विभागातून निघालेल्या यंत्रणेला आज जगाला ठाऊक असलेले एफडीए हे नाव मिळाले.

त्यांच्या कायद्यातले मोठे भोक सात वर्षांनी उघडे पडले. १९३७ मध्ये टेनेसीतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, रास्पबेरीचा स्वाद घालून विकायला काढले. विषारी द्रावकाची चाचणी कुणी घेतली नव्हती. कायदा तशी सक्तीच करत नव्हता. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कितीतरी लहान मुले. (हेच रसायन १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या शरीरात गेले आणि चौदा जण दगावले. त्यातून न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला.) एफडीएचे निरीक्षक गावोगाव फिरून बाटल्या गोळा करत होते, पण माल जप्त करायला कायदेशीर आधार काय? विषारी औषध विकणे हा १९०६ च्या कायद्याखाली गुन्हा नव्हता. आधार सापडला तो लेबलावर. औषधाला ‘एलिक्सिर’ म्हटले होते, आणि एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असायला हवे. यात ते नव्हते. तेव्हा खोटे लेबल एवढ्याच आरोपावर माल जप्त झाला. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा द्यायला लावणारा कायदा दुसऱ्या वर्षी, १९३८ मध्ये झाला.