स्मृतिभ्रंशाची गोळी करते काय?

आम्ही कामगार संघटनेतली माणसे, वैद्य नव्हे. पण निवृत्त कामगारांची मुले विचारतात, "दादा, गोळीने बाबा पूर्ववत होतील का?"

मेंदूतील पेशींमध्ये बारीक फट असते. तीतून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य निरोप पोचवते. अल्झायमरच्या रोगात पेशींचे सांधे निखळतात, फांद्या झडतात, मग पेशीच मरते. अमेरिकेत १९९६ साली मान्य झालेले डोनेपेझिल उरलेले द्रव्य लवकर मोडू देत नाही, इतकेच. थोड्या माणसांकडून जादा काम काढावे तसे! (गिरणीत आम्ही याला विरोधच केला असता.) झडलेली फांदी त्याने फुटत नाही. २०२३ साली तेथेच मान्य झालेले, शिरेतून द्यावयाचे लेकॅनेमॅब पेशींबाहेरचा अमिलॉइडचा गाळ काढते. ऱ्हास थोडा मंदावतो, पण मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचे भय असते. तेव्हा डॉक्टरांना प्रथमच विचारावे : गुण केव्हा पाहायचा, आणि नसल्यास गोळी केव्हा थांबवायची?