बेअरिंग मरत नाही, मारलं जातं!

मित्रांनो, मॅगझिनच्या मराठी विभागात कविता आणि चारोळ्या भरपूर असतात. त्यामुळे बेअरिंगवरचा लेख दिसला म्हणून लगेच पान उलटू नका, प्लीज! आणि हा लेख फक्त मेकॅनिकलवाल्यांसाठी आहे असंही नाही. ज्याच्या खोलीतला पंखा रात्री दोन वाजता किरकिरतो, त्या प्रत्येकाने वाचावा.

तर विषय आहे आमच्या विंगचा रिमोट कंट्रोल ट्रक. वन-टेन स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराचा. सहा जणांनी कॉन्ट्री काढून तो सेकंडहँड घेतला. एकाने त्यासाठी दोन महिने कॅन्टीनचा वडापाव सोडला होता (असं तो तरी सांगतो). शेजारच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये मातीच्या ट्रॅकवर रेस होती, आणि आदल्या दिवशी मागचं उजवं चाक घर्रर्र करायला लागलं. बेअरिंग गेलं, एवढं निदान आम्हाला जमलं. एका ज्युनिअरला बाजारात पिटाळलं, तो चार नवीन बेअरिंग्ज घेऊन आला. रात्री अकरा वाजता मी स्वतः, स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन, दोन बेअरिंग्ज ठोकून बसवली. ‘झालं काम!’ म्हणून सगळ्यांकडून चहा पण उकळला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या लॅपला चाक जाम! ट्रक जागच्या जागी गोल फिरला आणि आम्ही बाहेर. मी सगळ्यांसमोर त्या ज्युनिअरवर ओरडलो, “डुप्लिकेट माल उचलून आणलास!” तो काहीच बोलला नाही. पुढचे तीन-चार दिवस मेसला पण आमच्या टेबलावर आला नाही.

आता थोडी थिअरी. बॉल बेअरिंगमध्ये असतं काय? एक आतली रिंग, एक बाहेरची रिंग, मध्ये छर्रे, छर्ऱ्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा पिंजरा म्हणजे केज, आणि दोन्ही बाजूंना धूळ अडवायला झाकणं. झाकण पत्र्याचं असेल तर नंबरापुढे झेडझेड लिहितात, रबराचं असेल तर टू-आरएस. आमच्या ट्रकच्या चाकातलं बेअरिंग ५ × ११ × ४, म्हणजे आतलं भोक ५ मिमी, बाहेरचा व्यास ११ मिमी आणि जाडी ४ मिमी. बेअरिंगच्या दुकानात याला एमआर ११५ म्हणतात : ११ बाहेरचा, ५ आतला. टॅमिया या जपानी कंपनीच्या मॉडेल्सच्या जगात हेच ११५० म्हणून ओळखलं जातं. जुन्या किटमध्ये तर बेअरिंगच्या जागी बऱ्याचदा प्लॅस्टिकचे साधे बुश येतात. ते काढून त्याच मापाची बेअरिंग्ज घालणं ही अशा गाडीतली पहिली सुधारणा, कारण घर्षण कमी होतं, मोटार कमी तापते आणि बॅटरी जास्त वेळ टिकते.

हे एवढंसं बेअरिंग किती चालायला पाहिजे? मशीन डिझाइनमधला फॉर्म्युला आठवा. आयुष्य = (सी भागिले पी) चा घन, उत्तर दशलक्ष फेऱ्यांमध्ये. सी म्हणजे बेअरिंगची डायनॅमिक क्षमता, या मापाला साधारण ७०० न्यूटन. पी म्हणजे प्रत्यक्ष लोड. ट्रक अडीच किलोचा, चाकं चार, प्रत्येक चाकात दोन बेअरिंग्ज, म्हणजे एका बेअरिंगवर जेमतेम ३ न्यूटन. चाकाचा व्यास ११ सेंमी धरा आणि कॅल्क्युलेटर काढा. उत्तर येतं सुमारे ४४० कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्यापासून निघालेला ट्रक जवळजवळ नेपच्यूनपर्यंत जाईल, एका बेअरिंगवर! अगदी उड्या मारताना आदळून लोड २५० न्यूटन होतो आणि तो सतत असाच राहतो असं धरलं, तरी साडेसात हजार किलोमीटर येतात.

आणि आमचं गेलं चार लॅपमध्ये.

फॉर्म्युला चुकीचा नाही. फक्त तो गृहीत धरतो की बेअरिंग स्वच्छ आहे, त्यात वंगण आहे आणि ते नीट बसवलेलं आहे. आपल्या ट्रकमधलं बेअरिंग वजनाने थकून मरतच नाही. त्याला माती मारते, पाणी मारतं, नाहीतर बसवणारा मारतो.

हे मला समजलं फिटिंग शॉपमध्ये. मेलेलं बेअरिंग घेऊन मी तिथल्या मामांकडे गेलो, मनात हेतू असा की त्यांच्या तोंडून ‘माल खराब’ हे वदवून घ्यावं. जाम झालेलं बेअरिंग त्यांनी रॉकेलमध्ये धुतलं, बोटावर घालून सावकाश फिरवलं आणि म्हणाले, “हे बघ, अडखळत अडखळत फिरतंय. आत खड्डे पडलेत. बसवताना ठोकलंस कुठं? आतल्या रिंगवर ना?”

मी म्हटलं, “मामा, तिथेच स्क्रू ड्रायव्हर बसत होता.”

“मग तूच मारलंस त्याला. झाकण पण चेपलंयस, तिथनं माती गेली आत.”

मित्रांनो, सेकंड इयरला मटेरियलच्या लॅबमध्ये आपण ब्रिनेल टेस्ट करतो. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली मांडलेली. १० मिमीचा गोळा ३००० किलोच्या भाराने पोलादावर दाबायचा आणि पडलेला खड्डा मोजायचा. जर्नलमध्ये रीडिंग कॉपी करताना कोणाच्या डोक्यात येत नाही की याचा रोजच्या कामाशी काय संबंध. पण चाकाच्या हबमध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. तुम्ही ठोकता आतल्या रिंगवर. मग तो दणका बाहेरच्या रिंगपर्यंत जातो कुठून? छर्ऱ्यांमधून! छर्रा आणि रिंग एकमेकांना टेकतात ते टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत, त्यामुळे हलक्या हातोडीने पण तिथे प्रचंड दाब येतो आणि रिंगमध्ये बारीक खड्डे पडतात. म्हणजे मी त्या रात्री बेअरिंगच्या आत एकदम सात-आठ ब्रिनेल टेस्ट केल्या होत्या. या प्रकाराला इंग्रजीत ब्रिनेलिंगच म्हणतात!

तर नियम एकच, वहीत लिहून ठेवा : जी रिंग घट्ट बसणार आहे, दाब फक्त तिच्यावरच द्यायचा. हबमध्ये बसवताना बाहेरची रिंग, मोटारच्या शाफ्टवर चढवताना आतली.

आता बेअरिंग बदलायची पूर्ण पद्धत, मामांनी शिकवली तशी :

१. आधी बॅटरी काढा. चुकून ट्रिगर दाबला गेला तर बोट गिअरमध्ये जाईल.

२. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर प्ले आहे. मग हाताने फिरवून कान लावा. कुरकुर आली किंवा बोटाला खरखर लागली तर बेअरिंग बदलायचं.

३. चाकाचा नट ७ मिमीच्या पान्याने काढा. चाकामागे षटकोनी हेक्स आणि एक बारीक पिन असते. ही पिन हमखास हरवते, म्हणून खाली पांढरा कपडा किंवा मेसची ताटली ठेवा. (ताटली परत धुऊन ठेवा.)

४. एक्सल ओढून काढला की हबमध्ये दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग दिसेल. मागच्या बाजूने बोथट दांडी घालून ते ढकला. इथे आतल्या रिंगवर दाब आला तरी चालतो, कारण हे बेअरिंग टाकूनच द्यायचंय. याच कारणाने चांगलं बेअरिंग असं काढून परत वापरू नका.

५. माप व्हर्नियरने घ्या, डोळ्यांनी नाही. १० आणि ११ मिमीमधला फरक दुकानात कळत नाही, खोलीवर आल्यावर कळतो. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला नुसता नंबर सांगितला तरी पुरतं.

६. हबची जागा कापडाने स्वच्छ पुसा. जाम झालेलं बेअरिंग बाहेरच्या रिंगसकट हबमध्ये फिरलं असेल, तर प्लॅस्टिकचं भोक लंबगोल होतं. अशा हबमध्ये नवीन बेअरिंग सैल बसेल आणि परत जाईल. हब पण बदला, काटकसर करू नका.

७. नवीन बेअरिंग सरळ ठेवा. त्याच्यावर जुनं बेअरिंग ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेवर अंगठ्याने दाबा. जड जात असेल तर ११ मिमीपेक्षा किंचित कमी व्यासाचा सॉकेट ठेवून व्हाइसमध्ये सावकाश दाबा. हातोडी खोलीवरच ठेवा. बेअरिंग तिरकं गेलं तर थांबा, काढा, परत सुरू करा.

८. एक्सल घाला, पिन, हेक्स, चाक, नट. नट आवळल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि आत-बाहेर अगदी किंचित हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर बेअरिंग बाजूने दाबलं जातंय.

९. रेस झाल्यावर पाण्याचा फवारा थेट बेअरिंगवर मारू नका. चिखलातून आणलं असेल तर त्याच संध्याकाळी चाक काढा, पुसा, वाळवा आणि तेलाचा एक थेंब सोडा. मोटारच्या बेअरिंगला पातळ तेल, चाकाच्या बेअरिंगला थोडं ग्रीस. आणि धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह आवरा. कोरडं बेअरिंग त्या वेगाला खराब होतं, फुटून डोळ्यात पण जाऊ शकतं.

राहिली ती दोन बेअरिंग्ज. ज्युनिअरने आणलेल्या चारमधली दोन तशीच पुडीत पडली होती. नवीन हब आणल्यावर मामांसमोर मी तीच बसवली, जुन्या बेअरिंगचा आधार घेऊन, नुसत्या अंगठ्याने. या गोष्टीला आता वर्ष झालं. ती अजून चालू आहेत, आवाजसुद्धा नाही. माल डुप्लिकेट नव्हता. त्याच पुडीतला, त्याच दुकानातला माल होता. हात माझा डुप्लिकेट होता.

त्या रात्री त्याच्या खोलीवर गेलो. सॉरी म्हणायला कसंतरीच वाटत होतं, म्हणून आधी ट्रक पुढे केला आणि चाक फिरवून दाखवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. तो म्हणाला, “सर, बिल दाखवणारच होतो मी तुम्हाला.” बिल त्याने खिशात जपून ठेवलं होतं, इतके दिवस! मग मी सरळ सॉरी म्हटलं, सगळ्या विंगसमोर, कारण ओरडलो पण सगळ्यांसमोरच होतो. यंदाच्या रेसला रिमोट त्याच्या हातात असणार आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी काही जाम झालं, तर ‘माल खराब’ म्हणायच्या आधी एकदा आठवा : ठोकलं कुठं होतं?